ओळखीचे दगड

बस थांबली ती बैलासाठी. सौंसर मागे पडलं होतं, दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे धावत होते, भूपेंद्रचा डोळा नुकता लागत होता, आणि ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला. शिंगांना लाल-निळा रंग, गळ्यात नवी घागरमाळ, पाठीवर आरशांची झूल, असा एक बैल रस्त्याच्या मधोमध उभा होता. आज पोळा माझा आहे, तुम्ही थांबा, अशा थाटात. भूपेंद्रचं कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर आपटलं. जोरात नाही, टपली मारावी इतकंच. आणि त्याच क्षणी, जणू धक्क्यानेच तोंडातून सांडलं असावं तसं, शेजारी बसलेली सुचिता म्हणाली, "प्रज्ञा मॅडमचा फोन आलता सकाळी. एक जागा खाली झाली म्हणतात."

कसली जागा, हे विचारायची गरज नव्हती. नागपूरच्या प्रज्ञा मॅडम दरवर्षी बायकांची तुकडी घेऊन हिमालयात चढायला जातात. गेल्या वर्षी सुचिता त्यांच्याबरोबर गेली होती आणि डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं थंडीला देऊन आली होती. काळी पडली, मग डॉक्टरने काढून टाकली. यंदाचं शिखर त्याहून उंच. तुकडी कधीच ठरून गेली होती, तीत सुचिताचं नाव नव्हतं, आणि त्या आनंदात भूपेंद्रने घरी जिलेबी आणली होती (कारण सांगितलं नव्हतं). आता तुकडीतल्या कोणा बाईने स्कूटीवरून पडून पाय मोडून घेतला. हिमालयात चढणारी बाई भाजी आणायला जाते आणि पडते. यावर मात्र कोणी लेख लिहीत नाही.

"मंग?"

"उद्या संध्याकाळपर्यंत सांगा म्हणल्या."

"तू काय म्हटलं?"

"विचारून सांगतो म्हटलं."

"कोणाले विचारून?"

ती खिडकीतून बैलाकडे बघत होती. "तुमाले," ती म्हणाली.

विचारून! बैल हलला, बस हलली, भूपेंद्रच्या डोक्यात मात्र काहीतरी तिथंच रस्त्यात आडवं उभं राहिलं. विचारून म्हणजे काय? नाही म्हटलं तर बायकोचे पाय बांधणारा नवरा. हो म्हटलं आणि तिकडे काही झालं, तर तिला पाठवणारा नवरा. दोन्हीकडून गळफास, आणि दोर सुचिताच्या हातात, आणि ती बघत बसली आहे बैल. त्याला वाटलं आपण शांतपणे, दफ्तरात साहेबांपुढे टिपण ठेवतो तसं, मुद्देसूद बोलावं. मुद्दा पहिला. मुद्दा पहिला असा की तू चव्वेचाळीस वर्षांची बाई, शाळेत खेळाची शिक्षिका, पोरींना खो-खो शिकवायचं तुझं काम, मुलगी नागपूरला होस्टेलमध्ये, आणि (इथं त्याला आठवलं की मुलगी आईच्या बाजूची आहे, तेव्हा तिला मुद्द्यातून काढायला हवं) आणि मुद्दा पहिला असा की माणसाला चढायचंच असेल तर

तर सौंसरात काय कमी आहे? रोज पहाटे ही बाई पाठीवर ओल्या रेतीचं पोतं घेऊन टेकडी चढते. चढते, उतरते, पुन्हा चढते. दूधवाला विचारतो, भाभीजी रेती कुठं नेऊन राहिल्या? वर बांधकाम हाय का? पहिल्यांदा भूपेंद्रने हसून सांगितलं की सराव आहे. दुसऱ्यांदा हसला नाही. मग त्याने सांगायला सुरुवात केली की डॉक्टरने सांगितलंय, कमरेसाठी. दफ्तरात एकाने खरंच आपल्या बायकोला रेती उचलायला लावली आणि तिची कंबर धरली. त्याचाही दोष भूपेंद्रच्या माथी. आणि भूपेंद्र कोण? झोपण्याआधी गॅसचा कॉक दोनदा बघणारा माणूस. दफ्तर घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी हेल्मेट घालून जाणारा. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची बाजू धरणारा, कारण संकटात ड्रायव्हर स्वतःला वाचवायला गाडी वळवतो, तेव्हा त्याच्या मागे बसलेला आपोआप वाचतो. हे त्याने शोधून काढलं होतं आणि लग्नाच्या पहिल्या प्रवासात सुचिताला समजावूनही सांगितलं होतं. तिने ते फार लक्ष देऊन ऐकलं होतं. त्या वेळी त्याला वाटलं होतं, बायको समजूतदार मिळाली.

रविवारच्या पुरवणीत एकदा लेख आला होता, साहसी माणसांच्या मनाबद्दल. समुद्रात एकटे जाणारे, ध्रुवावर जाणारे, गुहेत उतरणारे. अशा माणसांचं म्हणे साध्या सुखावर भागत नाही. तुम्हाआम्हाला गरम चहात जे मिळतं ते मिळायला त्यांना कडेलोटाच्या टोकावर उभं राहावं लागतं. शिवाय परत आल्यावर त्यांना घर फिकं लागतं. शिवाय ते धोका बघतात पण तो आपला म्हणून बघत नाहीत, दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून बघतात. भूपेंद्रने तो लेख चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला होता, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, चष्म्यावरून बघत. सुचिता पालक निवडत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "यात गोटमारवाल्यायचं काही लिहिलं हाय का?"

किती चिडला होता तो! अजूनही, बस पांढुर्ण्याच्या अलीकडे कपाशीच्या वावरांतून जाताना, तो नव्याने चिडला. गोटमारीचा काय संबंध? गोटमार म्हणजे साहस आहे का? पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, जाम नदीत पळसाचं झाड रोवायचं, वर झेंडा, अलीकडून पांढुर्ण्याने आणि पलीकडून सावरगावने दगड मारायचे, आणि जो झेंडा काढेल तो जिंकला. ही रीत आहे. बापजाद्यांची आहे. सावरगावची मुलगी पळवून आणणारा पांढुर्ण्याचा पोरगा नदीतच अडकला, दोन्ही गावांचे दगड सुरू झाले, तेव्हापासूनची. रीतीला कोणी साहस म्हणतं का? सुचिताचं माहेर सावरगावचंच. म्हणजे दरसाल भूपेंद्र आपल्या साळ्यावर दगड फेकतो आणि साळा सागर त्याच्यावर, आणि रात्री दोघं एका पंगतीत जेवतात. भुवईवरचा टाक्यांचा व्रण कोणाच्या दगडाचा, यावर तर दरवर्षी सासुरवाडीत हसणं होतं. सागर म्हणतो, "मी तं तुमच्या बाजूच्याले मारला होता जवाईबुवा, तुमीच मधात आले." यात भीती कुठं आहे? तिकडे हिमालयात कोण ओळखतं हिला? तिथला दगड परका, बर्फ परका. ओळखीचा दगड लागतो, पण मारत नाही. हे त्याने कोणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची गोष्टच नव्हती. हे माहीत असायचं.

(त्याच्या बापाचा एक डोळा गोटमारीत गेला होता. पण ते वेगळं.)

पांढुर्ण्याच्या घरी भूपेंद्रने आपला बेत मांडला. बेत साधा होता: आपण नाही म्हणायचं नाही, माय आणि मोठा भाऊ शालिकराम यांच्या तोंडून म्हणवायचं. संध्याकाळी बैलांची पूजा झाली, पुरणपोळीचा घास बैलांना दिला, माणसं जेवायला बसली, आणि त्याने विषय काढला, सहज काढल्यासारखा. शालिकरामला हे सांगितलं की तो ताटावरून उठेल अशी त्याची अटकळ होती. शालिकराम उठला नाही. त्याचं लक्ष उद्यात होतं. त्याने आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाला, "सात हजार मीटर म्हणजे आपल्या टेकडीच्या किती पट होते बे?"

"दादा, मुद्दा तो नाही."

"नाई, सांग तं खरं. किती पट?"

माय, अंबाबाई, पोळीवर तूप वाढत होती. भूपेंद्रने तिच्याकडे मोहरा वळवला. "माय, तूच सांग हिले. बोटं गेली, तरी हिले समजत नाई."

अंबाबाईने सुनेकडे बघितलं, मग लेकाकडे. "तुह्या बापाचा डोया गेला तं मी काय म्हटलं होतं?"

"काय म्हटलं होतं?"

"काईच नाई. माहं ऐकते कोण? मी हळद लावली." आणि सुनेला म्हणाली, "थंडी लय राह्यते का वं तिथं? लोकरीचे मोजे देतो तुले, तुह्या सासऱ्याचे हायेत."

मोजे! भूपेंद्रला वाटलं ताट भिंतीवर फेकावं. एकही माणूस या घरात शुद्धीवर नाही. एक जण डोंगराची उंची मोजतो आहे, एक मोजे काढते आहे, आणि ही तर अशी जेवते आहे जणू चर्चा शेजारणीच्या गायीची चालली आहे. शिवाय जेवते आहे थोडं. पोळीचा अर्धा भाग तिने ताटात तसाच ठेवला होता. हे त्याच्या नजरेने टिपलं, पण मनाने घेतलं नाही. मन त्या वेळी मुद्द्यावर होतं. मुद्दा पहिला.

करीच्या सकाळी तो आडावर तोंड धुऊन आला तेव्हा अंगणात सुचिता एकटी होती. रस्त्यावरून पोट्टे ओरडत चालले होते, नदीकडून ढोलाचा चाचपडता आवाज येत होता, अजून नीट लय न सापडलेला. ती म्हणाली, "एक काम करा."

"काय?"

"आज तुमी नदीवर नका जाऊ. मी मॅडमले नाई म्हणून सांगून देतो."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. त्याला आधी ते कळलंच नाही. मग कळलं आणि हसू आलं. "याचा त्याचा काय संबंध?"

"संबंध नाई. पण नका जाऊ. मी जात नाई. झालं."

"कायमचं?"

"या वेळचं तं सांगतो. पुढचं पुढं."

इतकं सोपं! रात्रभर ज्याच्या मागे डोकं आपटलं ते सकाळी अंगणात फुकट पडलेलं. एक दुपार घरी बसायचं. बस. पोळ्याला खाल्लेल्या पुरणाचा ढेकर देत खाटेवर पडायचं. त्याने हो म्हटलं. लगेच म्हटलं, ती मागे फिरेल या भीतीने. आणि शालिकरामला सांगितलं की पोट बिघडलं. शालिकराम त्याच्याकडे असं बघत राहिला जसं माणूस अचानक पडलेल्या भिंतीकडे बघतो. "पोट तं मागच्या साली बी बिघडलं होतं," तो म्हणाला, "तरी आला होता तू." आणि गेला.

मग दुपार आली. म्हणजे आधी सकाळ संपली नाही. भूपेंद्र खाटेवर बसला, पेपर वाचला, जाहिरातींसकट वाचला. खाटेची सुतळी सैल झाली होती ती ताणून बांधली. ढोलाला आता लय सापडली होती. ढोल नुसता कानाने ऐकायचा असतो असं त्याला आजपर्यंत वाटत होतं, पण तो पोटऱ्यांनी ऐकू येत होता. मग नदीवरून तो आवाज उठला. हजारो माणसांचा एकदम निघालेला हो-ओ-ओ, लाट फुटावी तसा, आणि तो आवाज खोलीत शिरला आणि घर किंचित नदीकडे कललं. खरंच कललं असं नाही. पण पाणी कोणी सांडलं असतं तर ते त्या बाजूला वाहत गेलं असतं, असं. फोन वाजला. मंगेश, लहानपणापासूनचा. "अबे कुठं हायेस तू? आपले मागं सरकून राहिले ना बे!" मागून दगडांचा आवाज येत होता, टक्, टक्, पुलाच्या कठड्यावर. "पोट," भूपेंद्र म्हणाला. "पोट घेऊन ये!" मंगेश ओरडला आणि फोन तुटला. आपले मागं सरकून राहिले. त्याने फोन उलटा ठेवला. सुलटा केला. सुचिता आत शेंगदाणे भाजत होती, कढईत उलथणं फिरल्याचा खरखर आवाज. ती एकदाही बाहेर डोकावली नाही. पहारा ठेवला असता तर बरं झालं असतं, चिडता तरी आलं असतं.

तो पहिल्यांदा गोटमारीत उतरला तेव्हा कॉलेजात होता. बाप घरी होता, एका डोळ्याने भाकरी खात होता, म्हणाला, पायात चप्पल नको घालू, घसरते. एवढाच उपदेश. नदीत गुडघाभर पाणी, शेवाळ्याचे गोटे, आणि एक दगड त्याच्या कानाजवळून गेला. लागला नाही. केस हलले. त्या हललेल्या केसांच्या जागी त्याला कितीतरी दिवस काहीतरी होत राहिलं. मुंगी चालावी तसं, सुखाचं. तो वर्गात हात फिरवून बघायचा. हे त्याला आज का आठवावं? आणि आठवलं तर हात तिथं का जावा? त्याने हात खाली घेतला. मुद्दा पहिला, तो स्वतःला म्हणाला, ही रीत आहे. दुसऱ्या मुद्द्यासाठी त्याने तोंड उघडलं तर तिथं काही नव्हतं. नुसता ढोल.

गच्चीवर जायला हरकत नव्हती. गच्चीवर जाणं म्हणजे नदीवर जाणं नव्हे. तिथं शेजारच्या बाया आधीच उभ्या होत्या, त्यांच्यातली शकुंतलाकाकू म्हणाली, "या भाऊजी, या, बायकायमंधी या!" सगळ्या हसल्या. इथून नदीचा एक तुकडा दिसत होता, त्यात झाड नव्हतं, नुसती डोकी. झाड कुठपर्यंत झुकलं ते कळत नव्हतं. हे कळायला कोपऱ्यापर्यंत गेलं तरी पुरे. कोपऱ्यापर्यंत म्हणजे पानठेल्यापर्यंत. पान खायला माणूस जातोच. त्याने चप्पल घातली. सुचिताला सांगून जावं म्हणून आत डोकावला, तिची पाठ होती, सांगितलं नाही, येतोच तर आहे. कोपऱ्यावर पानठेला बंद होता. साहजिक आहे, ठेलेवाला नदीवर. मग बंद आहे एवढं बघून परतायचं, पण परतायच्या आधी देवळाच्या पारापर्यंत, तिथून झाड दिसतं. दिसलं. झाड उभं होतं, झेंडा होता, त्याच्याजवळ कोणी नव्हतं. अजून थोडं. तिथून आपली माणसं किती मागे सरकली ते दिसत नव्हतं, ते पुलावरून दिसतं. पुलावर पोलिसांनी दोर लावला होता, त्याच्या अलीकडे तो उभा राहिला, अलीकडेच. अजून थोडं. एका माणसाला डोकं धरून वर आणत होते, त्याला वाट द्यायला तो बाजूला सरला आणि बाजूला उतार होता. उतारावर माणूस सरकतोच. अजून

पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्याला दिसलं की आपण चप्पल हातात घेतली आहे.

त्याने मनात नोंद केली: मी दगड उचललेला नाही. मी उभा आहे. उभं राहणं म्हणजे गोटमार नव्हे. आणि तसाच उभा असताना सगळं एकदम स्वच्छ दिसायला लागलं. याचाच त्याला इतका संताप आला की ओरडावंसं वाटलं. प्रत्येक दगड वेगळा दिसत होता, हवेत फिरताना त्याची ओली बाजू आणि कोरडी बाजू. समोरच्या काठावर एका माणसाच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं दिसत होतं. दफ्तर नव्हतं, गॅसचा कॉक नव्हता, प्रज्ञा मॅडम नव्हत्या, उद्या नव्हता. छातीत एक मोठी, गार, रिकामी खोली उघडली होती आणि तो तिच्यात एकटा आणि फार आनंदात होता. चव्वेचाळीस वर्षांची बाई, त्याला एक वाक्य आठवू लागलं, ते पूर्ण झालं नाही. पलीकडून आरोळी आली. "ओ जवाईबुवा! आज उशीर केला का जी? बहिणीनं सोडलं नाई?" सागर. हातात गोफण, तोंडभर हसू. "सोडलं ना!" भूपेंद्र ओरडला. आणि वाकला. हाताला कोणता गोटा हवा ते हाताला माहीत होतं.

किती वेळ गेला ते कळलं नाही. झेंडा कोणी काढला तेही त्याला दिसलं नाही. त्याच्या आजूबाजूची माणसं एकदम नाचू लागली म्हणून तो नाचला. खांद्यावर एक दगड बसला होता, तो आता दुखायला लागला.

उन्हं कलली होती. घराकडे येताना त्याने खटला बांधला. मुद्दा पहिला, झाडाजवळ मी गेलोच नाही. मुद्दा दुसरा (दुसरा! आला एकदाचा), मला काही झालेलं नाही, खांदा सोडला तर. मुद्दा तिसरा, तुझ्या भावानेच मला बोलावलं. शेवटचा, हुकमी: बोललीस ते लहान लेकरासारखं होतं, हा काय सौदा असतो का, शहाण्या माणसांत. सुचिता अंगणात पायरीवर बसली होती, मांडीवर फोन. तिने त्याच्या भिजलेल्या पँटकडे बघितलं. चिडली नाही. तिने चिडायला हवं होतं, सगळा खटला त्यावर उभा होता.

"मॅडमले हो सांगून देल्लं," ती म्हणाली.

"कधी?"

"तुमी पारापासून पुढं गेले तवा. गच्चीवरून दिसत होतं."

"अगं मी नुसता बघाले"

"हव."

"मी झाडाजवळ"

"हव ना. बसा. खांदा दाखवा."

ती आत जाऊन हळद कालवून घेऊन आली. त्याने सदरा काढला. हळद गरम होती, तिची बोटं मात्र गार, आणि हळद लागलेल्या जागीच ती पुन्हा पुन्हा लावत होती. आधी त्याला वाटलं राग आहे. मग त्याने तिचा हात धरला.

"काय झालं वं?"

रस्त्यावरून झेंड्याची मिरवणूक चंडीच्या देवळाकडे निघाली होती, ढोल लांबवर होते. "मागच्या वेळी उतरताना," ती म्हणाली, "दोर धरून उभी होती मी. खाली काईच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं. काई झालं नाई. कोणी पडलं बी नाई. पण तवापासून मले भेव लागते. शाळेच्या जिन्यावर बी लागते. मी कठडा धरून उतरतो. पोरी पाहतात."

"मंग ते पोतं? रोज?"

"म्हटलं भेव जाईन निघून. नाई गेलं." ती हळदीच्या वाटीकडे बघत होती. "मॅडमले मी सांगू शकत नाई भेव लागते म्हणून. सोताले बी सांगू शकत नाई. मले नवऱ्यानं अडवलं म्हणता आलं असतं. वचन देल्लं म्हणता आलं असतं. मले वाटलं, तुमी एक दिवस थांबान."

भूपेंद्रने तोंड उघडलं. वर्षभर घोकलेलं, बसमध्ये घोकलेलं, ताटावर घोकलेलं ते एकच वाक्य, नको जाऊ. ते जिभेवर होतं. त्याला नदीचा वास येत होता, आपल्याच अंगाचा. "मंग आताच लाव फोन," तो ओरडलाच, "आताच सांग, मी नाई म्हणून राहिलो, माह्या नावावर खपव! माणूस हाय का दगड हाय मी, आधी बोलता येत नव्हतं तुले?" त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"आता तुमचं नाई म्हणणं मलेच खरं वाटत नाई," ती म्हणाली, "मी मॅडमले काय सांगू?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

ढोल गल्लीच्या तोंडाशी आले. कोणीतरी गुलाल उधळल्याचा लाल ढग कुंपणावरून आत आला. मंगेशचा आवाज, फाटलेला: "भूपेंद्र! अबे चाल! जिंकलो ना बे!" सुचिता काहीतरी बोलत होती. तंबूबद्दल, रात्री ऐकू येणाऱ्या बर्फ तडकण्याबद्दल, गेल्या वर्षी कोणालाही न सांगितलेलं. हळूहळू, कठडा धरून उतरावं तसं. आणि भूपेंद्रच्या लक्षात आलं की त्याचा उजवा पाय पायरीखाली चप्पल चाचपतो आहे. त्याने बोलावलेला नव्हता तो. आपला आपण निघाला होता.

त्याने डावा पाय उचलून उजव्या पायावर ठेवला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन दाबून धरला. "बोल," तो म्हणाला, "मी ऐकून राहिलो."